शाफ्ट पुन्हा त्याच जागी तुटला? नवा टाकायच्या आधी जुना तुकडा बघा

शनिवारी रात्री साडेआठला फोन आला. "अहो, ब्लोअर परत गेला. किचनमध्ये कुणी उभं राहायला तयार नाही." दादरचं एक हॉटेल, आणि इमारतीच्या गच्चीवर किचनचा एक्झॉस्ट ब्लोअर. त्या वाक्यात कामाचा शब्द एकच होता, 'परत'. सव्वा वर्षात तिसरा शाफ्ट. तिन्ही तुटले एकाच ठिकाणी: पुलीच्या मागे, ३५ मिमीचा शाफ्ट ३० वर उतरतो त्या स्टेपच्या कोपऱ्यात.

आधी इतिहास सांगतो, कारण निम्मं उत्तर त्यातच होतं. मशीनबरोबर आलेला मूळ शाफ्ट नऊ वर्षं बिनतक्रार चालला. मग मोटर जळली, दुसरी बसवली. चार महिन्यांत मूळ शाफ्ट तुटला. दुसरा आमच्याच वर्कशॉपमध्ये झाला, ईएन-८ या साध्या पोलादात, नमुन्यावरून तसाच्या तसा. तो पाच महिने टिकला. हॉटेलवाल्यांचा आमच्यावरचा विश्वास उडाला. त्यांनी दुसरीकडून 'भारी माल' म्हणून ईएन-२४ या जास्त ताकदीच्या पोलादाचा करून घेतला. पैसे दीडपटीहून जास्त, आयुष्य पुन्हा पाचच महिने. म्हणून स्वारी परत आमच्या दारात.

दुसऱ्या वेळी मीच चुकलो होतो. नमुना आला, माप घेतलं, शाफ्ट दिला, बिल केलं. तुटलेल्या तोंडाकडे एकदाही वळून पाहिलं नाही, तुकडा सरळ भंगारात. शाफ्ट एकदा तुटला तर माल खराब असू शकतो. त्याच जागी दुसऱ्यांदा तुटला, की मालाचा विषय बहुतेक वेळा संपतो. मग चूक आकारात असते, भारात असते किंवा आजूबाजूच्या हवापाण्यात. आमच्या केसमध्ये तिन्ही निघाल्या.

तुकडा हातात आल्यावर

सगळ्यात आधी: दोन तुकडे एकमेकांना जोडून 'बसतात का' ते बघू नका. हा मोह प्रत्येकाला होतो, आमच्या पोरालाही झाला. तोंडावर तोंड घासलं की वाचायचं सगळं पुसलं जातं. वायर ब्रश नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको. थोडं रॉकेल किंवा पेट्रोल आणि जुना मऊ टूथब्रश पुरतो. मग खिडकीपाशी जाऊन तुकडा तिरपा धरायचा, उजेड बाजूने पडला पाहिजे. मोबाइलच्या टॉर्चनेही चालतं, फक्त समोरून मारू नका.

आमच्या तुकड्यावर जे दिसलं ते असं. कडेचा भाग गुळगुळीत, मळकट तपकिरी. काही ठिकाणी गंज इतका जुना की नखाने निघेना. त्या गुळगुळीत भागात फिकट वळणदार रेघा, ओहोटी लागल्यावर चौपाटीच्या ओल्या वाळूवर राहतात तशा. प्रत्येक रेघ म्हणजे भेग तिथवर पोचून थोडी थबकली होती, ब्लोअर रात्री बंद झाला असेल किंवा भार बदलला असेल. मधे किंचित एका बाजूला सरकलेला, अंगठ्याच्या नखाएवढा खरखरीत, दाणेदार, चकाकता भाग. तेवढाच ताजा. आणि अगदी कडेला, पूर्ण गोलाभोवती, करवतीच्या दातांसारख्या बारीक पायऱ्या.

आता याचा अर्थ. चकाकता भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. तो मोजला, साधारण १४ मिमी. म्हणजे ३० मिमीच्या शाफ्टचा शंभरात जेमतेम बावीस भाग उरला होता आणि तरी ब्लोअर फिरत होता. भार अचानक वाढून शाफ्ट गेला असता तर हा खरखरीत भाग बहुतेक सगळं तोंड व्यापून बसला असता. इथे उलट आहे: कित्येक आठवडे भेग हळूहळू आत सरकत होती, आणि शनिवारी रात्री उरलेल्याने हात टेकले. याला आम्ही फटीग म्हणतो, धातूचा थकवा.

कडेच्या पायऱ्या आणखी एक गोष्ट सांगतात. भेग एका जागी सुरू झाली असती तर पायऱ्या दिसल्या नसत्या. इथे ती गोलावर दहा-बारा ठिकाणी सुरू झाली, थोड्या वेगवेगळ्या पातळीवर. शेजारच्या भेगा पुढे जाऊन एकमेकींना मिळाल्या, आणि जोडाची प्रत्येक जागा एक पायरी झाली. म्हणजे कोपऱ्यातला ताण सगळीकडेच जास्त होता. कीवेच्या (पुलीची चावी बसते त्या खाचेच्या) एका कोपऱ्यातून एकच भेग निघाली असती तर मी चावीच्या फिटिंगकडे वळलो असतो. तोंड सपाट न तुटता मळसूत्रासारखं पंचेचाळीस अंशांत गेलं असतं तर पिळाचा भार शोधला असता. आमचं तोंड सपाट होतं, म्हणजे वाकण्याचा भार. फिरणाऱ्या शाफ्टला एकाच दिशेने कायम खेचणारं गच्चीवर काय असणार? बेल्ट.

भेग वाढते तरी कशी

शाफ्टला बेल्ट एका बाजूला ओढतो. शाफ्ट स्थिर असता तर एक बाजू कायम ताणात आणि समोरची कायम दाबात राहिली असती, प्रश्न मिटला. पण शाफ्ट फिरतो. पृष्ठभागावरचा प्रत्येक ठिपका दर फेऱ्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. हा ब्लोअर ९६० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) दिवसाचे चौदा तास चालतो. म्हणजे दिवसाला आठ लाख सहा हजार वेळा. पाच महिन्यांत बारा कोटींच्या वर. एक तार बोटांनी मागेपुढे वाकवली तर दहा-वीस वेळांत तुटते. इथे वाकणं डोळ्याला दिसत नाही इतकं कमी, पण मोजदाद कोटींत.

हे कोडं रेल्वेइतकंच जुनं आहे. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या तरुण इंजिनियरने तुटलेले आस तपासून लिहिलं, की भेगा जाडी बदलते त्या काटकोनी कोपऱ्यात सुरू होतात, तिथे गोलाई द्या. मग ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेचेच आस घेऊन वर्षानुवर्षं चाचण्या केल्या. एका झटक्यात तोडायला जेवढा ताण लागतो त्याच्या कितीतरी कमी ताणानेही, तो पुन्हा पुन्हा दिला तर, पोलाद तुटतं हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. रँकिननी सांगितल्याला पावणेदोनशे वर्षं उलटली, आणि मी २१व्या शतकात दादरला चौकोनी कोपऱ्याचा शाफ्ट पाठवून मोकळा झालो.

कोपऱ्याचंच इतकं का? संध्याकाळी दादर स्टेशनवर पुलाचा जिना उतरून बघा. रुंद पुलावरून येणारी गर्दी अरुंद जिन्यात वळताना सगळ्यात जास्त दाटते ती कठड्याच्या टोकाशी. मधे निदान पुढे सरकता येतं, कोपऱ्यावरचा माणूस चेंगरतो. शाफ्टमधून जाणारा भारही तसाच वळतो. १९१३ मध्ये इंग्लिस यांनी याचा हिशेब मांडला. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट. भोक ताणाला आडवं, लांबट, लांबीरुंदी ५ ला १ असं असेल तर अकरा पट. टोक जितकं टोकदार, तितका आकडा वर. भेगेचं टोक तर पात्याहून धारदार. पुढे १९२१ मध्ये ग्रिफिथ यांनी काचेवर काम करून पुढचा प्रश्न सोडवला: भेग थोडी वाढली की आजूबाजूची कोंडलेली ऊर्जा सुटते, आणि नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्च होते. जमा खर्चापेक्षा जास्त झाली की भेग कुणाला विचारत नाही, सुटते. पोलाद तुटण्याआधी टोकाशी कायमचं ओढलं जातं, त्यामुळे खर्च काचेपेक्षा खूप मोठा, म्हणून ते भेग पोटात घेऊन महिनोन् महिने चालू शकतं.

आता महत्त्वाचं, कारण वेळापत्रक यावरून ठरतं. पोलादात दर फेऱ्याला भेग किती पुढे जाते ते टोकाशी होणाऱ्या ताणाच्या चढउताराच्या साधारण तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. पॉल पॅरिस यांनी १९६० च्या आसपास हे दाखवून दिलं. ताण दुप्पट झाला तर वेग आठपट. भेग लांब झाली की टोकाचा ताणही वाढतो, म्हणून ती स्वतःच स्वतःला पळवते. सोप्या हिशेबाने, बाहेरचा ताण तोच ठेवला तर ०.२ ची भेग ०.८ मिमी व्हायला समजा चार आठवडे लागले. मग ०.८ ची ३.२ व्हायला दोन आठवडे, आणि ३.२ ची १२.८ व्हायला एकच. म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसेपर्यंत बहुतेक आयुष्य संपलेलं असतं. "काल बघितलं तेव्हा काही नव्हतं" असं मॅनेजर म्हणतो ते खोटं नसतं.

गच्चीवर काय सापडलं

रविवारी सकाळी मी आणि आमचे टर्नर मामा वर गेलो. मामांची लेथवर चाळीसेक वर्षं गेली आहेत. त्यांनी पहिला हात बेल्टवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बेल्ट नव्हता, वीणेची तार होती.

व्ही-बेल्टचा ताण बघायची साधी रीत: दोन पुलींमधलं मोकळं अंतर मोजा, बेल्टच्या मधोमध स्प्रिंगचा काटा अडकवून काटकोनात ओढा. मीटरभर अंतराला साधारण सोळा मिमी झोल येईल तेव्हा काट्यावर किती आलं ते बेल्टच्या तक्त्याशी ताडा. आमचं अंतर ६०० मिमी, म्हणजे दहा मिमीच्या आसपास. तिथवर यायला तक्त्यापेक्षा तिप्पट जोर लागत होता.

"इतका कशाला ताणला?" वॉर्डबॉयसारखा निरागस चेहरा करून त्यांचा मेंटेनन्सवाला म्हणाला, "साहेब, किंचाळतो. खाली टेबलं लावलेली असतात." बेल्ट का किंचाळतो ते कुणी बघितलं नव्हतं. मोटरवरची पुली जुनीच ठेवलेली, तिचे गाळे (बेल्ट बसतो त्या खाचा) इतके झिजलेले की बेल्ट तळाला टेकत होता. व्ही-बेल्टने बाजूंनी धरायचं असतं, तळाला टेकला की घसरणार. गाळ्याचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला तर पुली बदला, दुसरा इलाज नाही. वर किचनचं तेलकट धुराडं शेजारीच, गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला, सगळी चिकट वाफ बेल्टवर. घसरला की किंचाळला, किंचाळला की ताणला.

दुसरी गोष्ट मामांनी पकडली. नव्या मोटरचा शाफ्ट लांब होता. पुली एका रेषेत याव्यात म्हणून कुणीतरी मोटर न हलवता ब्लोअरची पुली ३० मिमी बाहेर सरकवली होती. बाहेरच्या टोकाशी पुलीची पकड चांगली दिसत होती, आतला कोपरा मात्र आता लांब दांड्याच्या मुळाशी आला होता.

ढोबळ हिशेब केला. मोटर साडेसात एचपीची, पुली २५० मिमीची. बेल्ट नीट ताणलेला असेल तर शाफ्टवर ओढ साधारण ८०० न्यूटन, कोपऱ्यापासून ९० मिमीवर. ३० मिमीच्या शाफ्टला त्याने वाकण्याचा ताण येतो २७ मेगापास्कल (हे ताणाचं माप). आता ओढ तिप्पट, अंतर १२० मिमी. ताण १०९. चौपट. वर कोपऱ्याची गोलाई जवळजवळ शून्य, त्यामुळे तिथे आणखी अडीच पट धरला तर २७० च्या आसपास. ईएन-८ च्या, टर्निंगच्या खुणा असलेल्या, रोज ओल्या होणाऱ्या शाफ्टने हे सहन करावं अशी अपेक्षाच चूक.

रोज ओला होणं हा तिसरा भाग. कोरड्या हवेत पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखाली ताण राहिला तर कोटी फेऱ्यांनंतरही तुटत नाही. खारी हवा, पावसाचं पाणी आणि किचनची वाफ एकत्र आली की ही मर्यादाच नाहीशी होते. गंजाचा प्रत्येक खड्डा नवा कोपरा बनतो, आणि भेगेत शिरलेलं पाणी तिचं टोक सतत खात राहतं. बारा कोटी फेरे सोसून शाफ्ट तुटला याचं एरवी आश्चर्य वाटलं असतं, दादरच्या गच्चीवर वाटत नाही. ईएन-२४ ने काही वेगळं का केलं नाही तेही इथेच कळतं. भारी पोलादाचा थकव्यातला फायदा कोरड्या, गुळगुळीत नमुन्यावर दिसतो. गंजाच्या वातावरणात साधं आणि भारी पोलाद जवळजवळ एका पातळीला येतात. आणि एकदा भेग पडली की ती दोन्हींत साधारण सारख्याच वेगाने चालते.

आम्ही काय केलं

स्टेपच काढून टाकली. ती तिथे होती कशाला? पुली टेकायला. टेकायला पायरीच लागते असं नाही. शाफ्ट सरळ ३५ मिमीचा, पुलीचं भोक ३५ ला वाढवलं (बॉस, म्हणजे पुलीचा मधला भाग, जाड होता म्हणून जमलं), बेअरिंग आणि पुली यांच्यामध्ये एक साधी स्पेसर रिंग. व्यास ३० चा ३५ केला तर वाकण्याचा ताण तेवढ्यानेच सदतीस टक्के उतरतो, कारण व्यासाचा घन लागतो. पुली जुन्या जागी आत घेतली, त्यासाठी मोटरच्या रेलला नवी भोकं पाडून मोटर सरकवली. पुली दोन्ही नव्या, बेल्टचा जोड नवा, एकाच बॅचचा. आता सगळ्यात जास्त ताण बेअरिंगच्या तोंडाशी, तिथे २०-२२ मेगापास्कल.

तुमच्याकडे स्टेप काढता येत नसेल तर कोपऱ्याला किमान ३ मिमी रेडियस (गोलाई) द्या, आणि पुलीच्या भोकाला तेवढा चॅम्फर (तिरपी कड) मारा. नाहीतर पुली रेडियसवर चढून बसेल. बेअरिंगच्या बाबतीत हेच उलटं डोकं खातं: बेअरिंगच्या आतल्या कडेची गोलाई ठरलेली असते, शाफ्टचा रेडियस तिच्यापेक्षा मोठा केला तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही. तिथे मोठा रेडियस देऊन मधे आतून चॅम्फर केलेली रिंग घाला. मामांना रेडियसचं सांगितल्यावर ते म्हणाले, "कोपरा चौकोनी नसला तर गिऱ्हाईक म्हणतं काम कच्चं आहे." हे खरं आहे. म्हणून आता आम्ही ड्रॉइंगवर रेडियस लाल पेनने लिहितो.

कीवे एंड मिलने करण्याऐवजी डिस्क कटरने केला. त्याचा शेवट हळूहळू वर येतो, एकदम काटकोनात संपत नाही. टर्निंगच्या खुणा शाफ्टभोवती गोल असतात, म्हणजे ताणाला बरोबर आडव्या, म्हणून शेवटचं पॉलिश लांबीच्या दिशेने घेतलं. शाफ्टवर नंबराचे पंच मारायची सवय असेल तर टोकाच्या सपाट तोंडावर मारा. उघड्या भागाला प्रायमर आणि रंग.

काय करू नका: तुटलेल्या किंवा झिजलेल्या शाफ्टवर वेल्ड भरून पुन्हा टर्निंग. दोन दिवस मशीन सुरू होतं, म्हणून मागणी खूप असते. ईएन-८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन. न तापवता वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारचा भाग भराभर थंड होऊन काचेसारखा कडक होतो, त्यात हायड्रोजन अडकतो, आणि थंड होताना वेल्ड आकसून तिथेच ओढ ठेवून जातो. भेगेला यापेक्षा चांगलं अंथरूण कोण घालणार.

ब्लोअरच्या पत्र्याच्या केसिंगलाही पायाच्या बोल्टपाशी एक भेग निघाली, तीनेक इंचांची. तिथे जुनी युक्ती चालली: टोकाशी ८ मिमीचं भोक. धारदार टोकाऐवजी गोल कड, म्हणजे तिथला ताण पुष्कळ कमी. पण भोक खऱ्या टोकावर पडलं पाहिजे. डोळ्याला जिथे भेग संपल्यासारखी वाटते त्याच्या पुढे ती दोन-तीन मिमी असतेच. टोक चुकलं तर भोक पाडून उपयोग शून्य. भोकाच्या दोन्ही कडा घासून घ्या. आणि हा तात्पुरता उपाय आहे, पुढच्या शटडाऊनला तिथे मोठा पॅच बसणार आहे.

टोक शोधायला डीपी टेस्ट

डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, भेगेत लाल रंग मुरवून ती दाखवायची चाचणी. तीन डब्यांचा सेट मिळतो, क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. इथे बहुतेक लोक दोन चुका करतात. एक, आधी ग्राइंडर किंवा वायर ब्रश फिरवतात. त्याने धातू भेगेच्या तोंडावर सारवला जातो आणि भेग झाकली जाते. ग्रीस आणि रंग रसायनानेच काढा. दुसरी, जादा लाल पुसताना क्लीनर थेट फवारतात, मग भेगेतलंही धुऊन निघतं. क्लीनर कापडावर घ्या. लाल लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुसा, डेव्हलपरचा पातळ थर द्या, दहा मिनिटांनी बघा. रेघ लगेच उमटली आणि पसरत गेली तर भेग खोल आहे.

प्रत्येक तडा थकव्याचा नसतो

एवढं वाचून सगळीकडे बेल्ट ढिले करत सुटू नका. काही वेगळ्या केसेस, ओळख पटावी म्हणून.

झिंक प्लेटिंग केलेला १२.९ ग्रेडचा बोल्ट रात्री टाइट केला आणि सकाळी डोकं खाली पडलेलं, भार वाढलेला नाही, फेरे नाहीत: हा हायड्रोजन. प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला. प्लेटिंगनंतर काही तासांत बोल्ट सुमारे २०० अंशांवर भाजून घ्यावे लागतात, आणि ते झालं का हे प्लेटिंगवाल्याला विचारायचं असतं.

गच्चीवरच्या सोलर गरम पाण्याच्या ३०४ स्टेनलेसच्या पाइपला इन्सुलेशनखाली झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा: क्लोराइड, उष्णता आणि वेल्डची आतली ओढ. ओलं इन्सुलेशन बदलल्याशिवाय पाइप बदलणं फुकट. पितळी नट किंवा व्हॉल्व्ह काही भार नसताना चिरला असेल तर आसपास अमोनिया शोधा, म्हणजे फिनेलच्या जोडीला येणारी तीव्र वासाची क्लीनिंगची द्रव्यं, टॉयलेटचे पाइप. याचा इतिहास आपल्याकडचाच आहे: ब्रिटिश फौजेने पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांच्या नळ्या चिरलेल्या निघायच्या. पावसाळ्यातच होतं म्हणून नावही ऋतूवरून पडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि नळी ओढून बनवताना पितळात राहिलेली ओढ मिळून ते होतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं.

आणि थंडीच्या पहाटे 'रुळाला तडा, लोकल विस्कळीत' ही बातमी. भेग आधीचीच असते, चाकांखाली थकून वाढलेली. लांब जोडलेला रूळ आकसू शकत नाही, म्हणून एक अंश गारव्याला साधारण २.४ मेगापास्कल ओढ वाढते. वीस अंशांनी गार झाला की पन्नासच्या जवळ. तेवढ्यात उरलेलं उघडतं. ब्लोअरवाल्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी: शेवटचा धक्का शोधत बसलात तर तो सापडेल, पण भेग त्याच्या फार आधी निघालेली असते.

आत्ताची स्थिती

नवा शाफ्ट बसून अकरा महिने झाले. दर तीन महिन्यांनी सोमवारी दुपारी, किचन बंद असताना, पुली काढून बेअरिंगच्या तोंडाशी आणि कीवेच्या शेवटी डीपी करतो. चारपैकी तीन झाल्या आहेत, लाल रेघ नाही. दुसऱ्या वेळी बेल्ट पुन्हा ताणलेला सापडला. मेंटेनन्सवाला बदलला होता, नव्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता मोटरच्या रेलवर पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे आणि बोल्टच्या शेजारी पत्र्यावर लिहिलंय, 'रेघेच्या पुढे मोटर सरकवू नये. आवाज आला तर बेल्ट पुसा, फोन करा.'